गिम्प : इंटरफेसची रचना आणि वापर

गिम्प हे छायाचित्रे सुधारण्यासाठी व बिटमॅप (पिक्सेल या बारीक ठिपक्यांनी बनलेली) चित्रे तयार करण्यासाठी वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर असून ते लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर विनामूल्य चालते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये त्याचे काम सुरू केले. पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९६ मध्ये आली. बरीच वर्षे त्याची टूलपेटी, चित्र आणि पॅनेल वेगवेगळ्या खिडक्यांत विखुरलेली असत. २.८ आवृत्तीत (२०१२) ती एका खिडकीत आणण्याची सोय झाली आणि २.१० पासून (२०१८) तीच मूळ मांडणी ठरली. पुढील वर्णन २.१० आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्त्यांना लागू पडते.

डावीकडे वर टूलपेटी व तिच्याखाली चालू टूलचे पर्याय, मध्ये चित्र, उजवीकडे वर ब्रश, पॅटर्न, फॉन्ट यांचे टॅब आणि खाली लेयर (चित्राचे एकावर एक रचलेले थर), चॅनेल, पाथ अशी ही मांडणी असते. २.१०.१८ पासून एका जातीची टूल्स एकाच बटणाखाली असतात. बटण दाबून धरले की बाकीची दिसतात. जुन्या आवृत्तीवरून आलेल्यांना यामुळे अर्धी टूल्स काढून टाकल्यासारखी वाटतात. एडिट → प्रेफरन्सेस → इंटरफेस → टूलबॉक्स येथे 'युज टूल ग्रुप्स'ची खूण काढली की सगळी सुटी होतात. रोज लागणाऱ्या टूल्सच्या कळा पाठ असलेल्या बऱ्या: आर (आयताकृती सिलेक्शन), पी (ब्रश), टी (मजकूर), एम (हलवणे), शिफ्ट-सी (क्रॉप). आज्ञा कुठल्या मेनूत आहे हे आठवत नसेल, तर तिरपी रेघ (/) दाबून तिचे नाव टाइप करावे.

चित्राभोवतीच्या पट्ट्यांवर मोजमापे असतात. पट्टीवरून माउस चित्रात ओढला की मार्गदर्शक रेघ येते, परत पट्टीवर नेऊन सोडली की जाते. खालच्या पट्टीत पॉइंटरचे स्थान, एकक, झूमचे प्रमाण आणि चालू टूलविषयी एक सूचना असते. शिफ्ट, कंट्रोल किंवा आल्ट दाबल्यास टूल वेगळे काय करील, हे ती सूचना त्या क्षणी सांगते. नवशिक्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा ती जास्त शिकवते, तरी तिच्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. शिफ्ट-कंट्रोल-जे दाबल्यास पूर्ण चित्र खिडकीत मावते, १ दाबल्यास ते १०० टक्क्यांवर येते. रेखीवपणा नेहमी १०० टक्क्यांवरच तपासावा. ६६.७ टक्क्यांसारख्या प्रमाणात बारीक रेघा पडद्यावर तुटक दिसतात आणि चित्रात नसलेला दोष दुरुस्त करण्यात वेळ जातो.

चित्रावर दोन प्रकारच्या तुटक कडा दिसतात. पिवळी-काळी स्थिर कड निवडलेल्या लेयरची हद्द दाखवते, तर सरकणारी काळी-पांढरी कड सिलेक्शनची, म्हणजे चित्राच्या निवडलेल्या भागाची. 'ब्रश चालत नाही' या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा या दोन कडांतच सापडते. सिलेक्शन असेल तर रंग फक्त त्याच्या आत उमटतो. अगदी मोठे झूम केलेले असताना एखादे छोटे सिलेक्शन नजरेबाहेर राहिलेले असते. शिफ्ट-कंट्रोल-ए ने ते निघते. तेवढ्याने भागले नाही तर उजवीकडचे लेयर पॅनेल पाहावे. भलताच लेयर निवडलेला आहे का, त्याचा डोळा (लेयर दाखवणारे-लपवणारे चिन्ह) बंद आहे का, पिक्सेलना कुलूप लागले आहे का, लेयरऐवजी त्याच्या शेजारचा मास्क (लेयरचा भाग कमी-अधिक झाकणारे आवरण) निवडलेला आहे का? मास्क निवडलेला असताना लाल रंग दिला तरी चित्रात लाल काहीच येत नाही, भाग फक्त कमी-अधिक पारदर्शक होतो. मग टूलच्या पर्यायांत अपारदर्शकता शून्याजवळ गेली आहे का ते पाहावे. शेवटी खिडकीच्या शीर्षकात 'इंडेक्स्ड' लिहिले आहे का? तशा चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग असतात, त्यामुळे निवडलेल्या रंगाऐवजी त्याच्या जवळचा रंग उमटतो आणि बरेच फिल्टर करडे, म्हणजे बंद दिसतात. इमेज → मोड → आरजीबी केल्यावर ते सुरू होतात.

खोडरबर पारदर्शक करण्याऐवजी पार्श्वभूमीचा रंग फासतो, तेव्हा लेयरला अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेची माहिती ठेवणारे चॅनेल, नसते. जेपीजी फाइल उघडली की हे हमखास घडते. लेयर → ट्रान्स्परन्सी → अॅड अल्फा चॅनेल हा त्यावर उपाय. हलवण्याच्या टूलची खोड वेगळी आहे: ते मुळात पॉइंटरखाली जो लेयर असेल तोच उचलते. बारीक अक्षरे ओढताना अक्षरांमधल्या मोकळ्या जागेवर क्लिक पडते आणि मागचा फोटो सरकतो. टूलच्या पर्यायांत 'निवडलेला लेयर हलवा' या अर्थाचा पर्याय घेतला की हा त्रास थांबतो.

२.८ पासून 'सेव्ह' फक्त एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या स्वरूपात होते. त्यात लेयर, मास्क, मार्गदर्शक रेघा टिकतात. जेपीजी किंवा पीएनजी हवी असल्यास शिफ्ट-कंट्रोल-ई ने एक्सपोर्ट करावे लागते. हा फरक अनेकांना जाचक वाटला, पण त्यामुळे लेयर असलेले काम चुकून सपाट जेपीजीत अडकण्याचा धोका खरोखर कमी झाला. बदल मागे घेण्याचा इतिहास मात्र एक्ससीएफमध्येही राहत नाही. चित्र बंद झाले की तो जातो.

मराठी मजकुरासाठी युनिकोड फॉन्ट वापरावा. त्यात जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी बसतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर इथे आणून चिकटवला, तर तो फॉन्ट लावेपर्यंत निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मजकुराच्या लेयरवर ब्रश फिरवल्यास तो साधे चित्र बनतो व अक्षरे पुन्हा बदलण्याची सोय हातची जाऊ शकते. म्हणून आधी लेयरची प्रत काढावी.

पॅनेल नाहीशी झाली तर प्रथम कीबोर्डवरची टॅब कळ दाबून पाहावी, कारण तीच दोन्ही बाजू लपवते व परत आणते. एखादाच टॅब चुकून बंद झाला असेल तर विंडोज → डॉकेबल डायलॉग्स या यादीतून तो उघडतो आणि नाव धरून हव्या गटात ओढून बसवता येतो. सगळीच मांडणी विस्कटली असल्यास प्रेफरन्सेसमधील 'विंडो मॅनेजमेंट' येथे जतन केलेल्या जागा मूळ स्थितीवर आणण्याचे बटण आहे. ते दाबल्यावर गिम्प बंद करून पुन्हा उघडावे, त्याशिवाय बदल दिसत नाही.