थरारकथा कानाला का धरून ठेवत नाही?

ऑडिओबुकच्या पहिल्याच प्रकरणात खून होतो. निवेदकाचा आवाज भारदस्त असतो, मधलं संगीतही चोख. तरी चौथ्या प्रकरणात इन्स्पेक्टर कुठल्याशा मेव्हण्याला फैलावर घेत असतो आणि हा मेव्हणा नेमका कोणाचा, हेच ऐकणाऱ्याला आठवत नाही. थोडं मागे जाऊन ऐकायचं, पुन्हा थोडं मागे, आणि शेवटी ऑडिओबुक अर्धवट सोडून द्यायचं. खापर एक तर लेखकावर फुटतं, नाही तर आपल्याच एकाग्रतेवर. मला वाटतं, आधी कान आणि डोळा यांच्यातला फरक बघायला हवा.

वाचताना नजर सरळ पुढे सरकत नाही, उड्या मारत जाते. त्यांतल्या साधारण १० ते १५ टक्के उड्या मागच्या दिशेने असतात. एखादं नाव अनोळखी वाटलं, वाक्याचा अर्थ लागला नाही, की डोळे मागे जाऊन खात्री करून येतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. २०१४ मधल्या एका प्रयोगात नजर पुढे गेली की मागचे शब्द पडद्यावर झाकले जात. परत बघायची सोय गेली आणि आकलन घसरलं. ऑडिओबुक ऐकताना आपण कायम याच अवस्थेत असतो. मागे जायचं बटण असतं, पण ते दाबण्यासाठी आपलं काही निसटलंय हे आधी कळावं लागतं.

आणि निसटतं बरंच. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तीन पद्धती ताडून पाहिल्या : मोठ्याने वाचणं, मनात वाचणं आणि नुसतं ऐकणं. ऐकताना मन सर्वांत जास्त भरकटलं, लक्षात कमी राहिलं आणि मजकुरातला रसही कमी झाला. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कंटाळा आला म्हणून लक्ष उडतं, तसंच लक्ष उडालं म्हणूनही कंटाळा येतो.

रहस्यकथेला हे जास्त भोवतं. तिच्यातला महत्त्वाचा दुवा लेखकाने मुद्दामच जाता जाता, बेमालूम पेरलेला असतो. कानासाठीच घडलेल्या कलांची रीत वेगळी. कीर्तनकार मूळ अभंगाचा चरण पुन्हा पुन्हा घेतो, आख्यान कितीही रंगलं तरी श्रोत्याला धाग्यावर परत आणतो. छापील पानासाठी लिहिलेल्या थरारकथेत ही पुनरुक्ती नसते.

थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत एक उदाहरण दिलं होतं. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब आहे हे त्याला आधी ठाऊक असेल, तर १५ मिनिटं त्याचा जीव टांगणीला लागतो. या ताणाचा मेंदूवर होणारा परिणाम अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवला. मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये झोपलेल्या लोकांना चित्रपटांतले प्रसंग दाखवले आणि चित्राच्या कडेने चौकटींची नक्षी लुकलुकत ठेवली. प्रसंगातला ताण वाढला की कडेचं दृश्य टिपणाऱ्या मेंदूच्या भागाची हालचाल मंदावे. म्हणजे ताण स्वतःच लक्ष एकवटतो. पण बॉम्बचं वाक्य कुकरची शिट्टी मोजताना निघून गेलं असेल, तर पुढची १५ मिनिटं दोन माणसांच्या गप्पाच उरतात.

मन कथेत आहे की नाही, हे हृदयालाही कळतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे भाग ऐकले. कथेच्या त्याच त्याच जागी सगळ्यांच्या हृदयाची गती सारखी चढत-उतरत होती. लक्ष दुसरीकडे वळवलं की हा मेळ कमी व्हायचा, आणि ज्यांचा मेळ चांगला त्यांना गोष्टही जास्त आठवत होती.

म्हणून थरारकथेची पहिली दोन-तीन प्रकरणं तरी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकावीत, किंवा छापील पुस्तकातून वाचून मग कानाकडे वळावं. थोडं आधी कळल्याने सगळी मजा जाते असंही नाही. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०११ मध्ये झालेल्या प्रयोगात, शेवट आधीच सांगितलेल्या लघुकथा वाचकांना उलट जास्त आवडल्या आणि त्यांत रहस्यकथाही होत्या. पुढच्या काही अभ्यासांत याच्या विरुद्ध दिसलं, त्यामुळे खुनी कोण ते आधीच सांगून टाका असं मी म्हणणार नाही. पण पात्रांची नावं आणि त्यांची नाती सांगणारं एक मिनिटाचं निवेदन प्रत्येक थरारकथेच्या सुरुवातीला प्रकाशकांनी जरूर द्यावं. मेव्हणा कोणाचा, एवढं तरी कळेल.