अ‍ॅफिलिएट मार्केटिंग : बेळगाव सीमाभागातली ऑनलाइन दलाली

दुसऱ्याचा माल इंटरनेटवर सुचवायचा आणि आपल्या खुणेच्या लिंकवरून कुणी तो घेतला की विक्रेत्याकडून ठरलेले कमिशन घ्यायचे, या व्यवहाराला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. त्याला ‘संलग्न विपणन’ असा मराठी पर्याय आहे, पण तो कागदावरच राहिला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ‘लिंकचं कमिशन’ म्हटले की काम भागते. इथे माल साठवायचा नाही, गाळा घ्यायचा नाही, उधारीमागे फिरायचे नाही. भांडवल म्हणजे मोबाइल, डेटा आणि आपले ऐकणारी माणसे. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महाग आहे, हे या धंद्यात उतरणाऱ्याला सहसा उशिरा कळते.

दलाली या भागाला नवी नाही. निपाणीची तंबाखूची पेठ अडत्या-दलालांच्या जोरावर वाढली. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत जनावरांच्या बाजारात जुन्या माणसांनी पाहिलेली आहे. त्या बाजारात भाव झाकलेला असे, पण दलाल कोण आणि त्याला दोन पैसे सुटणार आहेत हे सगळ्यांना ठाऊक असे. लिंकच्या बाजारात भाव उघडा असतो आणि दलाल रुमालाखाली. घेणाऱ्याला वाटते, आपला माणूस चार शब्द चांगले सांगतोय. या धंद्यातले नियम आणि तंटे बरेचसे या झाकलेल्या दलालाभोवती फिरतात.

उगम. अमेरिकेत विल्यम टोबिन यांच्या पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स या फुलांच्या दुकानाने १९८९ मध्ये प्रॉडिजी या संगणक जाळ्यावर कमिशनच्या तत्त्वावर विक्री सुरू केली. १९९४ मध्ये सीडीनाऊ या संगीतविक्रेत्या संकेतस्थळाने आणि जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने असे कार्यक्रम काढले. अ‍ॅमेझॉनचा ‘असोसिएट्स’ सर्वांत गाजला. भारतात अ‍ॅमेझॉनची बाजारपेठ जून २०१३ मध्ये उघडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूट्यूबने फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांच्यासह भारतात खरेदीचा अ‍ॅफिलिएट कार्यक्रम आणला, आणि व्हिडिओतच वस्तू टाचून ठेवण्याची सोय झाली. त्याआधी ‘लिंक खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिलीय’ हे वाक्य मराठी व्हिडिओंचे पालुपद होते. अजूनही आहे.

लिंक चालते कशी. कार्यक्रमात नाव नोंदवले की प्रत्येकाला एक ओळखक्रमांक मिळतो. अ‍ॅमेझॉनच्या भारतीय कार्यक्रमात तो ‘-२१’ ने संपतो. लांबलचक लिंकच्या पोटात हा क्रमांक बसलेला असतो. कुणी ती दाबली की त्याच्या ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची छोटी नोंद पडते, आणि पुढची खरेदी कुणाच्या खात्यावर मांडायची हे ती सांगते. कुकीला आयुष्य असते. अ‍ॅमेझॉनवर साधारण २४ तास. त्या मुदतीत वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली तर सुमारे ९० दिवसांपर्यंत खरेदी धरली जाते. गिऱ्हाइकाने मिक्सरची लिंक दाबली आणि त्या दिवसात मिक्सर न घेता छत्री घेतली, तरी छत्रीचे कमिशन लिंकवाल्याला मिळू शकते. उलटही घडते. तुम्ही तासभर समजावून सांगितले, आणि गिऱ्हाइकाने शेवटच्या क्षणी कुठल्याशा कूपनच्या साइटवरून जाऊन पैसे भरले, तर कमिशन त्या साइटचे. बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्लिकला मान आहे. बेळगावच्या शनिवार खुंटावर एका दुकानात दर विचारून गणपत गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात खरेदी करणाऱ्यांच्या गावाला हे वेगळे समजावायला नको.

पार्सल परत गेले की कमिशनही परत जाते. पैसे लगेच पडत नाहीत. परतीची मुदत सरावी म्हणून महिना संपल्यावर साधारण दोन महिने थांबावे लागते. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेली खरेदी बहुधा चालत नाही. काही कार्यक्रम ईमेलने किंवा खासगी संदेशातून लिंक पाठवायला मनाई करतात, आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंकांचा पाऊस पाडणारी खाती तिथेच अडकतात. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात नोंदणीनंतर १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते. बऱ्याच नवख्यांचा प्रवास या तीन विक्रींपाशीच थांबतो.

हिशेब. कमिशन वस्तूनुसार बदलते. मोबाइलवर नगण्य, कपडे, सौंदर्यप्रसाधने, घरगुती वस्तू यांवर बरे, वेब होस्टिंग (संकेतस्थळासाठी भाड्याची जागा) किंवा सॉफ्टवेअरवर भरघोस. ३०० रुपयांच्या पुस्तकावर ५ टक्के धरले तर हाती १५ रुपये येतात. महिन्याला १५,००० मिळवायचे तर अशी १,००० पुस्तके खपली पाहिजेत. लिंक दाबणाऱ्या शंभरांतले तीन जण घेतात असे मानले तरी ३३,००० हून जास्त क्लिक लागतील, आणि लिंक दाबणारे हे पाहणाऱ्यांचा लहानसा हिस्सा असतात. ‘घरबसल्या कमाई’ म्हणणाऱ्याने हा त्रैराशिकाचा कागद आधी दाखवावा. रोज नवा व्हिडिओ, वस्तू खरोखर वापरून पाहणे, पाहणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, सणासुदीच्या सेलमध्ये रात्र जागवणे, ही पूर्ण वेळेची मेहनत आहे. जोडधंदा म्हणून ठीक. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातली नोकरी सोडून यात उडी घेणे हा जुगार आहे.

सीमाभागाची वेगळी गणिते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत बेळगावचा मराठी पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा वाद या नोंदीचा विषय नाही, पण त्याची सावली ऑनलाइन कमाईवरही पडते. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असावी असा कायदा कर्नाटकाने २०२४ मध्ये केला. चॅनेलचे नाव, रीलवरची अक्षरे, लिंकखालचा मजकूर यांना तो लागू नाही. त्यामुळे इथल्या मराठी तरुणाला पडद्यावरची पाटी सर्वस्वी मराठीत लावता येते. खरेदीच्या अ‍ॅपवर मात्र मराठी मागाहून आली. फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन या दोन्हींवर कन्नड २०२० मध्ये होती. मराठीसाठी अ‍ॅमेझॉनवर २०२१ उजाडले.

मराठीत बोलणाऱ्याला श्रोता पुण्या-कोल्हापुरापासून नागपुरापर्यंत मिळतो. डिसेंबर २०२२ मध्ये वाद पेटला आणि एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या, तेव्हाही लिंक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर थांबण्याचे कारण नव्हते. पण बोली आड येते. ‘मी घेतलो’सारखी कन्नडच्या शेजाराने आलेली वळणे ऐकून पुण्याकडचे लोक प्रतिक्रियांत हसतात. म्हणून काही जण पडद्यावर प्रमाण मराठी बोलतात आणि ती ओढूनताणून वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा सौदा तोट्याचा आहे. शिफारस पटते ती ओळखीच्या आवाजामुळे, आणि चंदगड-आजऱ्यापासून खानापूर-हल्याळपर्यंतच्या माणसाला हा आवाज घरचा वाटतो. मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणारे लोक इथे गल्लोगल्ली आहेत. एकच वस्तू दोन भाषांत दाखवणे त्यांना जमते, आणि ते पुण्याच्या चॅनेलला जमणारे नाही.

शोधाच्या खिडकीतही एक गंमत आहे. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम : एकाच गावासाठी लोक इतक्या तऱ्हांनी टंकतात. मथळ्यात कोणते नाव घालावे हा तिथल्या मराठी माणसासाठी निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. घरच्या पत्त्यावर मात्र राज्य ‘कर्नाटक’ निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

कर. इथे सीमा पुन्हा उभी राहते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे आणि २०१७ च्या ऑक्टोबरपासून ती राज्याबाहेर सेवा देणाऱ्यालाही मिळते. तिच्यावर गेले की १८ टक्के कर. मग निपाणीच्या लिंकवाल्याने जेमतेम वीस किलोमीटरवरच्या कागलच्या व्यापाऱ्याकडून कमिशन घेतले तर तो आंतरराज्य व्यवहार ठरतो, आणि पाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या बंगळूरच्या कंपनीकडून घेतले तर राज्यांतर्गत.

आयकर सीमा पाहत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १९४-एचखाली कमिशनमधून कर आधीच कापला जाई. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला आणि १ एप्रिल २०२५ पासून वार्षिक सवलतमर्यादा १५,००० वरून २०,००० रुपये झाली. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात. लहान व्यापाऱ्यांसाठी असलेली ‘अंदाजी नफ्या’ची सोपी पद्धत, म्हणजे कलम ४४-एडी, कमिशनच्या उत्पन्नाला लागू नव्हती. ओळखीचा कर सल्लागार हे विसरला तर पुढे नोटीस येते. १ एप्रिल २०२६ हा नव्या आयकर कायद्याच्या अंमलाचा दिवस ठरला असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून जुन्या व्हिडिओंवर विसंबू नये.

रुमाल काढण्याचा नियम. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण संस्थेने, म्हणजे अ‍ॅस्कीने, २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या शिफारशींसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्धची तत्त्वे काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना दिल्या. पैसा, भेटवस्तू, कमिशन किंवा नातेसंबंध असला तर तो स्पष्ट सांगायचा, आणि शिफारस ज्या भाषेत केली त्याच भाषेत. मराठी रील करून शेवटी हॅशटॅगांच्या गर्दीत ‘ad’ ही इंग्रजी दोन अक्षरे टाकणे पुरत नाही. व्हिडिओत ते ऐकूही आले पाहिजे आणि दिसलेही पाहिजे. फसव्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केले तर ५० लाखांपर्यंत. ‘या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत वाढत नाही’ एवढे वाक्य पुरेसे असते. ते सांगितल्याने गिऱ्हाईक पळते ही भीती अनाठायी आहे. अडत घेणाऱ्यावर या मुलखाने कधी राग धरला नाही. राग आला तो हातचलाखी करणाऱ्यावर.

काही क्षेत्रांत शिफारसच धोक्याची आहे. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये नोंदणी नसलेल्या शेअर सल्लागारांशी दलाल कंपन्यांनी संबंध ठेवण्यावर बंधने घातली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. रमीच्या अ‍ॅपच्या रेफरल लिंका फिरवणाऱ्यांनी जुन्या पोस्टही काढून टाकाव्यात.

नावाखालचे गैरव्यवहार. ‘अ‍ॅफिलिएट’ हा शब्द आता दोन वेगळ्या गोष्टींनी बळकावला आहे. पहिली म्हणजे कोर्सची साखळी. काही हजार भरून ‘ऑनलाइन कमाई’चा कोर्स घ्यायचा, आणि त्यात शिकवतात तोच कोर्स पुढे विकायला. कमिशन ७०-८० टक्के सांगतात. ओळखायची खूण सोपी आहे : साखळीबाहेरचा एकही माणूस ही वस्तू तिच्या उपयोगासाठी विकत घेत नसेल, तर तो व्यापार नव्हे. १९७८ च्या बक्षीस चिट व पैसा फिरवण्याच्या योजनांवरील बंदीच्या कायद्याचा आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांचा रोख अशाच योजनांवर आहे. नोकरीच्या शोधात असलेली मुले कॉलेज संपल्यावर यात सापडतात, आणि पहिले गिऱ्हाईक म्हणून मामा, आत्या, वर्गमित्र धरतात. पैसे बुडतातच, शिवाय सोयरिकीत तोंड दाखवायची चोरी होते.

दुसरी गोष्ट ‘टास्क’. टेलिग्रामवर कुणी व्हिडिओला लाइक करायला सांगतो, पन्नास-शंभर रुपये खरेच खात्यात येतात, मग ‘मोठ्या टास्कसाठी’ आधी पैसे भरायला लावतात. हे अ‍ॅफिलिएट मार्केटिंग नव्हे. यात कमिशन देण्याआधी पैसे मागितले जातात, आणि खऱ्या कार्यक्रमात नोंदणी फुकट असते. आपले बँक खाते ‘वापरायला’ देणारा स्वतःच गुन्ह्यात अडकतो. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर तिथे फोन जाईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

घरचा माल. आतापर्यंतचे वर्णन दूरच्या कंपनीचा माल सुचवण्याचे झाले. सीमाभागात दुसरी वाटही आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले आहे. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचे करदंट या मिठाया, शहापूर-वडगावच्या मागावरची साडी, अथणी-निपाणीकडची चप्पल, बेळगाव बासमती हा माल सुचवायला कुणाला ‘रिव्ह्यू’ शिकावा लागत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेली भौगोलिक मानांकनाची नोंद महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, आणि बेळगाव जिल्हा तिच्यात येतो. असा माल विकणाऱ्या लहान दुकानाला कुकी-बिकी बसवायला जमत नाही. तिथे कूपन कोड चालतो : गिऱ्हाईक ऑर्डर देताना लिंकवाल्याचा कोड सांगते, त्याला थोडी सूट मिळते, दुकानदार वहीत नोंद करतो, महिनाअखेरीला हिशेब होतो. दर बोलून ठरवता येतो आणि मोठ्या कंपनीच्या दोन-चार टक्क्यांपेक्षा तो सहसा बरा निघतो. अडचण वहीचीच आहे. किती ऑर्डरी आल्या हे दुकानदार सांगेल तेवढेच कळते. म्हणून कमिशनचा दर, परत आलेल्या मालाचे काय आणि पैसे कोणत्या तारखेला, या तीन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्याव्या लागतात. कुंदा आठवडाभरात खराब होऊ शकतो, तेव्हा तो नागपूरला पाठवायची लिंक टाकण्याआधी पोचायला किती दिवस लागतात हे आधी विचारावे.