कार्बन-१४ कालमापन (पुरातत्त्व)

उत्खननात सापडलेल्या कोळसा, धान्य, हाड, शिंपला अशा सजीवजन्य अवशेषांचे वय त्यांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून ठरवण्याची पद्धत. विलर्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागो विद्यापीठात ती विकसित केली. त्यासाठी त्यांना १९६०चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सजीव मेला की त्याच्यात नवा कार्बन येणे थांबते आणि आतला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगे फारसे उरत नाही.

मोजले जाते ते नमुन्यातल्या पेशींचे मरण; घर कधी बांधले किंवा चूल कधी पेटली ते नव्हे. सागाच्या जुन्या खोडातली गाभ्याची वलये झाड तोडण्यापूर्वी शे-दीडशे वर्षे आधीच मृत झालेली असतात, त्यामुळे अशा वाशाचा कोळसा वस्तीला नाहक जुनी ठरवतो. म्हणून एकाच हंगामात वाढलेले जळके धान्य सर्वांत भरवशाचे. इनामगावसारख्या (जि. पुणे) ताम्रपाषाणयुगीन पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, जव आणि कडधान्यांचे जळके दाणे मिळतात. माती पाण्यात ढवळून वर तरंगणारा भाग बारीक चाळणीत धरला की ते हाती येतात. मात्र दाणा ज्या थरात सापडला त्याच थराचा असेल असे नाही. घुशी बिळांतून दाणे वरखाली नेतात आणि काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांतून वरचे दाणे खोल जातात. एकाच खड्ड्यातल्या दोनतीन दाण्यांची स्वतंत्र मापे घेणे त्यामुळे शहाणपणाचे.

नमुना स्वच्छ चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवतात. कागद व कापूस टाळतात, कारण त्यांचे तंतू म्हणजे आजचा कार्बन. ओला नमुना प्लॅस्टिकमध्ये बंद केला तर बुरशी धरते. डिंक किंवा टिकाऊपणासाठी लावलेले रसायन तर हमखास घोटाळा करते. ३,००० वर्षांच्या नमुन्यात एक टक्का आधुनिक कार्बन मिसळला तर वय जेमतेम ३५ वर्षांनी कमी येते. पण मुळात कार्बन-१४ उरलेलाच नाही अशा अतिप्राचीन नमुन्यात तेवढ्याच मिसळीने वय सुमारे ३७,००० वर्षे दिसते.

प्रयोगशाळेत प्रथम मुळे वेचून काढतात. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना आणि सौम्य कॉस्टिक सोड्याने जमिनीतून शिरलेली ह्युमिक आम्ले काढतात. शेवटी पुन्हा आम्ल, कारण अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. हा टप्पा गाळला तर वय कमी येते. ठिसूळ कोळसा सोड्यातच विरघळून जातो, तेव्हा द्रावण आणखी पातळ करावे लागते. हाडातले कोलॅजेन हे प्रथिन मोजतात. ते वजनाच्या एक टक्क्याहून कमी किंवा त्यातले कार्बन-नायट्रोजनचे अणुगुणोत्तर २.९ ते ३.६ यांबाहेर असेल तर नमुना बाद. उष्ण हवामानात कोलॅजेन टिकत नाही, त्यामुळे दख्खनमधली पुष्कळ हाडे इथेच गळतात. उरलेला कार्बन जाळून वायू आणि वायूपासून ग्रॅफाइट करतात. कार्बन-१४चे अणू थेट मोजणाऱ्या प्रवेगक यंत्राला एक मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन पुरतो. किरणोत्सार मोजणाऱ्या जुन्या गणकांना तो ग्रॅमांनी लागत असे.

मिळालेले वय १९५० पासून मागे मोजतात, आणि ते दिनदर्शिकेचे वर्ष नसते. हवेतले कार्बन-१४ बदलत आले असल्याने वृक्षवलयांवर आधारलेल्या वक्राशी, म्हणजे मोजलेले वय आणि खरे वर्ष यांच्या आलेखाशी (उत्तर गोलार्धासाठी इंटकॅल२०), ते जुळवावे लागते. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हा वक्र जवळजवळ सपाट आहे. २४५० ± ३० असे नेटके माप आले तरी उत्तर मिळते ते साधारण इ.स.पू. ७५० ते ४१०! विदर्भातल्या लोहयुगीन शिळावर्तुळांचा काळ याच पट्ट्यात अडकतो, आणि तिथे माप आणखी अचूक करून फारसा फरक पडत नाही. थरांच्या क्रमाने घेतलेल्या अनेक नमुन्यांचे एकत्र संख्याशास्त्रीय विश्लेषण, किंवा एकाच खोडाच्या ठरावीक अंतरावरच्या वलयांची मालिका, हेच उपाय उरतात.

अहवालात प्रयोगशाळेचा नमुना-क्रमांक, मूळ वय, त्रुटी, नमुन्याचा पदार्थ आणि वापरलेला वक्र यांची नोंद लागते. नुसते ‘इ.स.पू. ६००’ छापले तर वक्र सुधारल्यावर ते माप नव्याने जुळवता येत नाही.