काळाच्या पडद्याआड गेल्यानंतर

मराठीत कुणीही गेलं तरी बातमीचे शब्द ठरलेले असतात: अमुक अमुक काळाच्या पडद्याआड. गेलेला माणूस शास्त्रज्ञ असो, पुढारी असो की गावातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मरणाचं दुःख सांगायला आपण शब्द उचलला तो नाटकाच्या थिएटरातला, आणि तो इतका अंगवळणी पडला की त्यातला पडदा आता कुणाला दिसतही नाही. नट गेल्यावर मात्र तो पुन्हा दिसतो.

गेल्या काही वर्षांत हा पडदा फार भराभर पडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रमेश देव गेले, नोव्हेंबरमध्ये विक्रम गोखले. २०२३ च्या जूनमध्ये सुलोचनादीदी, जुलैत जयंत सावरकर, ऑगस्टमध्ये सीमा देव. २०२४ मध्ये विजय कदम आणि मग अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी अतुल परचुरे. ऑगस्ट २०२५ मध्ये अच्युत पोतदार, आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्रिया मराठे, वय अडतीस. प्रत्येक वेळी फोनवर तोच काळ्या चौकटीतला फोटो, तीच 'भावपूर्ण श्रद्धांजली', हात जोडलेली तीच चिन्हं. संध्याकाळपर्यंत सगळं शांत. याआधी आपल्याकडे नटाची आठवण कशी ठेवत, हे पाहायचं तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

किर्लोस्कर नाटक मंडळीतले गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. तेव्हा स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत. 'सौभद्र'मधली त्यांची सुभद्रा आणि त्यांचा आवाज यांच्याबद्दल त्या पिढीने भरभरून लिहून ठेवलंय. आपल्यापर्यंत पोचलं ते एवढंच, लिहिलेलं. ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन परदेशी तंत्रज्ञ हिंदुस्थानात आले १९०२ मध्ये. म्हणजे भाऊरावांचा गळा जेमतेम दीड-दोन वर्षांनी हुकला. मला ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून पाहवत नाहीत. ज्या आवाजासाठी माणसं गावोगावाहून गाड्या जोडून येत, तो कसा होता हे आज पृथ्वीवर एकही माणूस सांगू शकत नाही.

त्या काळातल्या नाटक कंपनीत शोकाला फारशी जागाही नव्हती. १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलू, असं कंपनीतले म्हणत होते, पण बालगंधर्वांनी ऐकलं नाही. शालू नेसून ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आपण कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून मुलांना सांगतो. मला तिच्यात त्या धंद्याची कठोर रीतही दिसते: तिकिटं गेलेली आहेत, कंपनीच्या बिऱ्हाडात जेवणाची शेकडो पानं उठायची आहेत, तेव्हा जे काही रडायचं ते रंगपटात.

गायक नट केशवराव भोसल्यांचं तसंच. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय एकतीस. त्यांची 'ललितकलादर्श' कंपनी मात्र बंद पडली नाही, ती बापूराव पेंढारकरांनी चालवली. नटाची कंपनी चालू ठेवणं, त्याची नाटकं लावत राहणं, हेच त्या वेळचं स्मारक होतं. वेगळी श्रद्धांजली कुणी मागितली नाही.

वर्तमानपत्रांत मृत्युलेख येत, पण ती परंपरा आधी नटांची नव्हतीच. १८९५ मध्ये आगरकर गेल्यावर टिळकांनी 'केसरी'त लिहिलं. वर्षानुवर्षं ज्याच्याशी वाद घातला त्या मित्रावर. मराठी मृत्युलेखाचा कस तिथून ठरला. गेलेल्याचा मोठेपणा सांगायचा, पण मतभेद पुसायचे नाहीत. पुढे अत्र्यांनी त्यात अश्रू आणि गर्जना दोन्ही आणली. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेपुढे त्यांनी केलेलं भाषण हा मृत्युलेखच होता, फक्त बोललेला. अत्रे स्वतः नाटककार, चित्रपटवाले. त्यामुळे नट, लेखक, कवी यांच्यावरही राजकीय पुढाऱ्याइतक्याच जिव्हाळ्याने लिहायचं असतं, हे त्यांच्यामुळे मराठी वाचकाच्या सवयीचं झालं. नाहीतर दादासाहेब फाळके १९४४ मध्ये नाशकात गेले तेव्हा त्यांनी उभा केलेला धंदा त्यांना जवळजवळ विसरलेला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ साल उजाडलं.

नाटकवाल्यांची दुसरी रीत म्हणजे इमारतीला नाव देणं. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं. तोवर ते थकले होते, गळा आणि पाय दोन्ही साथ देत नव्हते. इमारत पुरी झालेली त्यांना पाहता आली नाही; १५ जुलै १९६७ रोजी ते गेले आणि पुढच्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिर उघडलं. आत गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन भव्य चित्रं, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं.

या इमारतीला पुढे आणखी एक काम लागलं. पुण्यातला नट गेला की त्याचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी इथे आणायचं आणि इथून वैकुंठ स्मशानभूमीत न्यायचं. डिसेंबर २०१९ मध्ये डॉ. श्रीराम लागू इथून गेले, कोणतेही धार्मिक विधी न करता. आयुष्यभर जे बोलले तेच शेवटी. विक्रम गोखलेही इथूनच गेले. आदल्या रात्री ज्या विंगेत उभं राहून 'नांदी' ऐकली त्याच वास्तूत दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला फुलं वाहायची, हा अनुभव पुण्यातल्या रंगकर्मींना नवा नाही.

गोखल्यांचं जाणं मात्र आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ते गेल्याची बातमी पसरली. मोठमोठ्या कलाकारांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, वाहिन्यांनी पट्ट्या चालवल्या. ते तेव्हा रुग्णालयात होते आणि जिवंत होते. घरच्यांना पुढे येऊन तसं सांगावं लागलं. प्रत्यक्षात ते २६ तारखेला गेले. मधल्या त्या दिवसांत कुटुंबावर काय गुजरली असेल याचा विचार केला की अजून राग येतो. आणि हे कुटुंब कोणतं? पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या मायलेकी १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये उभ्या राहिल्या, हिंदुस्थानी चित्रपटातल्या पहिल्या स्त्रिया म्हणून. वडील चंद्रकांत गोखले. शंभर वर्षं या घराने आपल्याला करमणूक दिली. आपण एक फोन करून खात्री करायला थांबलो नाही.

आठवण कशी ठेवावी याची उत्तम उदाहरणंही आपल्याच मातीत आहेत. सवाई गंधर्व, म्हणजे एके काळी संगीत नाटकं गाजवलेले कुंदगोळचे रामभाऊ, १९५२ मध्ये गेले. भीमसेन जोशींनी गुरूच्या पुण्यतिथीला लोकांनी भाषणं ऐकावीत असं ठरवलं नाही. गाणं ऐकावं असं ठरवलं. १९५३ पासूनचा तो महोत्सव आजही चालतो आणि २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्याच्या नावात शिष्यही आला. डॉ. लागू आणि दीपाताईंनी तर मुलाच्या मृत्यूतून वाट काढली. धावत्या रेल्वेगाडीवर कुणीतरी भिरकावलेल्या दगडाने त्यांचा तन्वीर गेला. त्याच्या नावाने २००४ पासून 'तन्वीर सन्मान' दिला जातो, तोही त्याच्या जन्मदिवशी, ९ डिसेंबरला. ज्या कुणी दगड मारला तो कधीच सापडला नाही आणि त्या दोघांनी नाटकवाल्यांना सन्मान द्यायला सुरुवात केली. याहून मोठी श्रद्धांजली मला माहीत नाही.

उलट, अच्युत पोतदारांचं काय झालं पाहा. सैन्यात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी, आणि बऱ्याच उशिरा अभिनय. तरीही शंभराहून अधिक चित्रपट. ते गेल्याच्या दिवशी फोनवर फिरलं ते एका हिंदी चित्रपटातल्या प्राध्यापकाचं एक वाक्य. ज्यांनी ते पाठवलं त्यांनी प्रेमानेच पाठवलं, याबद्दल मला शंका नाही. पण माणूस एवढाच उरावा?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये खासबाग मैदानाला लागून उभं केलेलं 'पॅलेस थिएटर' ते हेच. केशवरावांचं नाव त्याला पुढे मिळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरची माणसं त्या काळ्या भिंतींपुढे उभी राहून रडली. गेलेल्या माणसाच्या आठवणीची जागाच अशी जाते तेव्हा जे वाटतं त्याला 'भावपूर्ण' हा शब्द पुरत नाही. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम सुरू झालं आहे.

केशवराव गेले त्याच १९२१ सालच्या नोव्हेंबरात बापूराव पेंढारकरांना मुलगा झाला, भालचंद्र. 'ललितकलादर्श' पुढे त्यांनीच चालवली. हे अण्णा पेंढारकर नट आणि गायक तर होतेच, पण एका गोष्टीचा त्यांना ध्यास होता: नाटकांचे प्रयोग ध्वनिमुद्रित करून ठेवायचे. आपल्याच नव्हे, दुसऱ्यांच्या कंपन्यांचेसुद्धा. वय झाल्यावरही ते गिरगावात साहित्य संघात जाऊन बसत आणि टेपवरचे जुने प्रयोग सीडीवर उतरवत. ११ ऑगस्ट २०१५ रोजी तेही गेले. त्या फितींत कित्येक नटांचे आवाज आहेत. काहींची नावं आता कुणी घेत नाही, पण टेप लावली की पडदा उघडतो, प्रेक्षक खोकतात, तबला लागतो आणि माणूस गायला लागतो.