मिरजेची तंतुवाद्यकला

सांगली जिल्ह्यातील मिरज या शहरात तंबोरा, सतार आदी तंतुवाद्ये घडवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा पिढीजात व्यवसाय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो सुरू झाला. कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-कट्यारींना धार लावणारे. इंग्रजी अमलात संस्थानांची हत्यारे म्यानात गेली आणि शिकलगारांचे काम आटले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गाण्याबजावण्याचा शौक होता, पण नादुरुस्त वाद्य घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. फरीदसाहेब शिकलगार यांनी ते काम हाती घेतले, असे परंपरा सांगते. म्हणजे इथे दुरुस्ती आधी आली, घडाई नंतर. पुढे धंद्यावरून ‘सतारमेकर’ हे आडनावच पडले आणि वस्तीची सतारमेकर गल्ली झाली.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा असून पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. वाळलेला भोपळा कापून, भिजवून आतला गर आणि बिया काढतात. त्याला लाकडी गळा आणि पोकळ दांडी जोडतात, तोंडावर किंचित फुगीर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसवतात. लाकूड बहुधा तुणीचे असते, कारण ते हलके आणि पुरते मुरल्यावर सहसा वाकत नाही. जोडाला पूर्वापार सरस वापरतात. नक्षीसाठी एके काळी हस्तिदंत आणि सांबरशिंग असे, १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर प्लॅस्टिक आले. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा, बाईच्या पट्टीचा लहान.

इथवरचे काम चांगल्या सुताराला जमेल. तंबोरा बोलतो तो जवारीमुळे. तबलीवरच्या घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा सपाट दिसतो, पण त्याला पुढच्या बाजूला अगदी मंद उतार असतो. छेडलेली तार या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. त्यातून वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच स्वर, उमलतात आणि एका तारेतून झणझणता, भरलेला नाद निघतो. हीच जवारी. तार जिथे छेडावी, तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर (न हलणारा) बिंदू येतो तो स्वरांश नादात उमटू नये, असा तारांच्या कंपनाचा जुना नियम. तंबोऱ्यात तो उमटतो, याकडे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लक्ष वेधले होते.

रोजच्या वाजवण्याने घोडीवर तारेखाली बारीक चरा पडतो आणि आवाज ‘बसतो’ किंवा चिरका होतो. मग जवारी काढावी लागते, म्हणजे घोडीचा माथा घासून पुन्हा जुळवावा लागतो. कारागीर तारा सैल करून बाजूला सारतो, कानशीचे दोन-तीन हलके हात मारतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो. असे तासन्‌तास चालते. मोजपट्टी इथे निरुपयोगी. एक हात जादा पडला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात. तो केसभर मागेपुढे केला की जवारी खुलते किंवा मिटते. जवारी खुली (झणझणीत) हवी की गोल (मऊ), हे मात्र गवय्याने सांगायचे.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) मिरजेत राहिले, ही कारागिरांच्या दृष्टीनेही मोठी गोष्ट. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. असे कान असलेले गिऱ्हाईक गावातच असणे म्हणजे कारागिराची रोजची परीक्षा. मिरजेतल्या मिरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांची कबर आहे आणि तिथल्या संगीत सभेमुळे गायक-वादकांचा मिरजेशी राबता राहिला.

बाकीची दुरुस्ती त्या मानाने सरळ. खुंटी घसरत असेल तर खडू लावून भागते. झिजली असेल तर बदलायची. प्रवासात भोपळा फुटणे हे नेहमीचे दुखणे: तुकडे जुळवून सरसाने चिकटवतात आणि वरून रंग-पॉलिश करतात. फूट मोठी असल्यास तबली उचलून आतूनही आधार द्यावा लागतो. नीट जुळवलेला जुना भोपळा बदलू नये, असे वाटते. मुरलेल्या वाद्याचा आवाज नव्याला लगेच येत नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रियाजाच्या खोल्यांमध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरचे अ‍ॅप केव्हाच येऊन बसले आहेत. त्यांची जवारी काढावी लागत नाही.