देवाचा हात ओळखणं वेगळं, खुणा शोधणं वेगळं

गाडी चुकते. पुढची यायला पाऊण तास असतो. बाकावर बसल्या बसल्या शेजारच्या माणसाशी बोलणं निघतं आणि कळतं, की घरातल्या ज्या दुखण्यासाठी आपण महिनोन्‌महिने डॉक्टर शोधतोय, त्याच दुखण्यातून त्याची बहीण बरी झाली आहे. तो पत्ता देतो, आपण जातो, गुण येतो. श्रद्धावान माणूस म्हणतो, "देवानेच गाठ घालून दिली."

आता दुसरा प्रसंग. नवी नोकरी घ्यावी की नाही, हे ठरत नाहीये. मुलाखतीला निघताना गाडी चुकते आणि मनात येतं, "देव नको म्हणतोय."

दोन्हीकडे चुकलेली गाडी आहे, देवाचं नाव आहे, आणि बोलणारा मनापासून बोलतोय. त्यामुळे ही एकाच श्रद्धेची दोन वाक्यं वाटतात. माझ्या मते ती तशी नाहीत. पहिल्या माणसाने घडून गेलेल्या गोष्टीकडे वळून पाहिलं आणि आभार मानले. दुसऱ्याने घडलेल्या गोष्टीला आपला प्रश्न विचारला आणि उत्तरही स्वतःच तिच्या तोंडी घातलं. पहिल्याला देवाचा हात ओळखणं म्हणू, दुसऱ्याला खुणा शोधणं. या दोन्हींची गल्लत झाली की माणसं चुकीचे निर्णय घेतात, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच्या दुःखावर भलतंच बोलून जातात.

देव रोजच्या आयुष्याची काळजी वाहतो म्हणजे काय, हे मला सर्वांत नेमकं सापडलं ते जर्मनीतल्या हायडेलबर्गला १५६३ साली निघालेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरीत. तिचं सत्ताविसावं उत्तर म्हणतं, की पाला आणि गवत, पाऊस आणि अवर्षण, पिकाची वर्षं आणि नापिकीची वर्षं, अन्नपाणी, आरोग्य आणि आजार, श्रीमंती आणि गरिबी, हे सगळं योगायोगाने नव्हे, तर पित्याच्या हातून येतं. या यादीत अवर्षण आहे, आजार आहे, गरिबीही आहे. म्हणजे फक्त मनासारखं झालं की देवाचा हात, अशी सोय इथे नाही. लगेच पुढचा प्रश्न आहे, हे जाणून आपल्याला काय लाभ? उत्तर तीन गोष्टी सांगतं: विपरीत काळात धीर, चांगल्या काळात कृतज्ञता आणि पुढच्या काळासाठी देवावर भरवसा. उद्या काय होणार ते कळेल, असं त्यात कुठेही नाही. खुणा शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

शिवाय ही काळजी बहुतेक वेळा इतकी साधी असते, की तिच्यात चमत्कार दाखवता येत नाही. बायबलमधल्या एस्तेरच्या गोष्टीत एका रात्री राजा अहश्वेरोशला झोप लागत नाही. तो राज्याची बखर वाचायला लावतो. वाचता वाचता निघतं, की मर्दखय नावाच्या माणसाने एकदा राजाचा जीव वाचवला होता आणि त्याला बक्षीस काहीच मिळालं नव्हतं. तेवढ्यात राजाचा मुख्य कारभारी हामान येतो, तो या मर्दखयालाच फाशी द्यायची परवानगी मागायला. पुढे सगळी बाजी पालटते. यात निसर्गाचा कुठला नियम मोडला? राजाची झोप उडाली, एवढंच झालं. त्या मूळ हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी वाचणाऱ्याला देव पानोपानी जाणवतो.

याच गोष्टीत एस्तेर निर्णय कसा घेते, हेही पाहण्यासारखं आहे. ती या राजाची ज्यू राणी, आणि हामानाने तिच्या सगळ्या लोकांना मारायचा हुकूम काढलेला; तो थांबवायचा तर राजाकडे जायला हवं. न बोलावता राजापुढे जाणाऱ्याला देहदंड, असा कायदा. मर्दखय तिला सांगतो, की कोणी सांगावं, याच वेळेसाठी तू राणी झाली असशील. "कोणी सांगावं" म्हणतो तो, "मला खूण मिळाली आहे" असं म्हणत नाही. एस्तेरही खूण मागत नाही. तीन दिवस उपास करायला सांगते आणि मेले तर मेले म्हणून निघते. देवाच्या योजनेवर विश्वास असलेलं माणूस असं बोलतं, असं मला वाटतं. त्याला पुढचं दिसत नसतं, पण समोरचं कर्तव्य दिसतं.

खुणा शोधण्याचा पहिला दोष असा, की घटना स्वतःहून बोलत नाही आणि म्हणून तिच्याकडून काहीही वदवता येतं. येशूचा प्रेषित पौल जहाज फुटून मिलिता (आजचं माल्टा) बेटावर आला आणि तिथे त्याच्या हाताला साप डसला, तेव्हा तिथले लोक म्हणाले, हा खुनी असणार, समुद्रातून वाचला तरी न्याय याला सोडत नाही. थोड्या वेळाने तो धडधाकट दिसला, तेव्हा तेच लोक म्हणाले, हा देव आहे. दोन्ही अर्थ चुकीचे होते.

दुसरा दोष जास्त खोल आहे: वाट मोकळी मिळाली की आपण तिला देवाची आज्ञा समजतो. देवाने निनवेला जा म्हटल्यावर संदेष्टा योना उलट्या दिशेने पळाला. यापोच्या बंदरावर आला तर तार्शीशला जाणारं गलबत तयारच उभं. भाडं भरलं आणि चढला. सगळं कसं जुळून आलं! खुणांच्या हिशेबाने यासारखा अनुकूल कौल नाही, आणि योना तर देवापासूनच पळत होता.

या बाबतीत मला सर्वांत शिकवून जातो तो एन-गेदीच्या गुहेतला दावीद. शौल राजा तीन हजार निवडक माणसं घेऊन त्याच्या जिवावर उठलेला. दावीद आपल्या माणसांसह गुहेच्या आत, अंधारात दडलेला. आणि शौल प्रातर्विधीसाठी एकटा त्याच गुहेत येतो. बाहेर लख्ख ऊन, आत आलेल्याला काही दिसत नाही, आतल्यांना मात्र तो स्पष्ट दिसतोय. दाविदाची माणसं त्याच्या कानाशी लागतात: शत्रू तुझ्या हाती देईन असं परमेश्वर म्हणाला होता, तो दिवस हाच. जरा विचार करा, त्यांचं काय चुकलं? दाविदाचा अभिषेक झालेला होता, राज्य त्याला मिळणारच होतं. एवढ्या गुहा असताना शौल याच गुहेत आला, तोही पहाऱ्याशिवाय. याहून ठळक खूण कुठली असणार?

दावीद हळूच पुढे सरकतो आणि शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतो. तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं. परमेश्वराच्या अभिषिक्तावर, म्हणजे त्याने नेमलेल्या या राजावर, मी हात टाकणार नाही, असं सांगून तो आपल्या माणसांना आवरतो. शौल गुहेत आला यात देवाचा हात आहे, हे दावीद नाकारत नाही. उलट बाहेर आल्यावर तो शौलाला ओरडून सांगतो, की आज परमेश्वराने तुला माझ्या हाती दिलं होतं. पण त्या घटनेतून "मार" असा हुकूम काढायला तो तयार होत नाही. काय योग्य आणि काय अयोग्य, हे त्याला गुहेत शिरण्याआधीच माहीत होतं, आणि ते ज्ञान संधीपेक्षा मोठं ठरलं. ज्याला आपण आयती संधी म्हणतो, ती कित्येकदा परीक्षा असते.

इथे कोणी बायबलमधल्याच गिदोनाचं नाव काढतो. त्याने लोकर खळ्यात ठेवून दवाची खूण मागितली आणि ती मिळाली. खरं आहे. पण त्याने काय करायचं ते देवाने आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. खूण मागताना तो स्वतःच "माझ्यावर रागावू नकोस" अशी विनवणी करतो. त्याला खूण देण्यात देवाचा धीर दिसतो, पण म्हणून ती पद्धत ठरत नाही.

खुणांच्या बाबतीत आपली आठवणही इमानदार नसते. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांनी १६२० साली एक जुनी गोष्ट सांगितली. नवस बोलून जहाजबुडीतून वाचलेल्यांची चित्रं देवळात टांगलेली होती. ती दाखवून एकाला विचारलं गेलं, आता तरी देवांची शक्ती मानतोस ना? त्याने उलट विचारलं, नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? हा प्रश्न श्रद्धेवरचा हल्ला म्हणून न घेता श्रद्धावानाने स्वतःलाच विचारावा, असं मला वाटतं. अपघातातून वाचल्यावर "देवाने मला वाचवलं" म्हणणं कृतज्ञता आहे. "माझी भक्ती होती म्हणून वाचवलं" म्हटलं, की शेजारच्या जागेवर बसून गेलेल्या माणसावर आपण न बोलता आरोप ठेवतो.

हीच गोष्ट दोन डच बहिणींच्या आयुष्यात लख्ख दिसते. ज्यूंना घरात लपवल्याबद्दल कोरी आणि बेट्सी टेन बूम यांना नाझींनी १९४४ साली राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत टाकलं. त्यांच्या बराकीत पिसवांचा सुळसुळाट होता. बेट्सी म्हणाली, सगळ्याबद्दल आभार मानायचे म्हणजे पिसवांबद्दलही. कोरीला ते पटेना. काही काळाने कळलं, की याच पिसवांमुळे पहारेकरी बराकीत पाऊल ठेवत नव्हते आणि म्हणून तिथे लपवलेलं बायबल बायकांना एकत्र बसून वाचता येत होतं.

गोष्ट इथे थांबवली तर ती खुणांची गोष्ट होते: बघा, पिसवांचाही उपयोग होता! पण ती इथे थांबत नाही. त्याच डिसेंबरात बेट्सी छावणीत वारली. काही दिवसांतच कोरी सुटली, ती कारकुनाच्या चुकीमुळे, असं तिला मागाहून कळलं. एक बहीण गेली आणि दुसरी कागदावरच्या चुकीने वाचली, याचा हिशेब कोणी मांडून दाखवू शकत नाही, आणि मांडायचा प्रयत्नही करू नये. मला मोलाचं वाटतं ते एवढंच, की बेट्सीने आभार मानले ते कारण कळण्याच्या आधी. तिची कृतज्ञता उलगड्यावर अवलंबून नव्हती. खुणा शोधणाऱ्याला उलगडा झाल्याशिवाय चैन पडत नाही आणि तो झाला नाही की त्याची श्रद्धा डळमळते.

आपल्या भाषेतलं उदाहरण कवी नारायण वामन टिळकांचं. आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाशी त्यांचं बोलणं झालं. त्याने बायबलचा नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताकडेच बोट दाखवायचा मोह होतो, पण टिळक भाकितावर विसंबले नव्हते. वाचीन असं वचन दिलं होतं म्हणून त्यांनी ते पुस्तक वाचायला घेतलं, सुरुवातीला ते रुचलं नाही, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर ते खिळून राहिले. भेट डब्यात झाली, पण त्यांना वळवलं ते या वाचनाने.

मग रोजच्या जगण्यात हे करायचं कसं? निर्णयाची वेळ असेल तेव्हा माहिती काढावी, जाणत्यांना विचारावं, प्रार्थना करावी आणि जे योग्य दिसतं ते करावं. "प्रभूची इच्छा असेल तर" एवढं मनात धरावं, म्हणजे बेत फसला तरी माणूस फसत नाही. देवाचा हात पाहायची खरी वेळ संध्याकाळची. स्पेनचे ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिवसाची उजळणी करायला शिकवलं, आणि तिची सुरुवात आभारांनी होते. सकाळपासून एकेक तास डोळ्यांसमोर आणायचा. खिडकीवरच्या बाईंनी चुकलेला अर्ज परत न पाठवता स्वतःच दुरुस्त करून दिला. दुपारी ताप उतरला. बोलायला नको होतं ते ओठांवर आलं आणि फोन वाजला म्हणून राहून गेलं. यातलं काहीच उद्याबद्दल सांगत नाही. रोज असं पाहणाऱ्याला मात्र हळूहळू दुसऱ्याच्या हातून मिळालेलं दिसू लागतं आणि त्या बाईंना उद्या जाऊन दोन शब्द सांगावेसे वाटतात.

हे पाहणं स्वतःच्या आयुष्यापुरतं ठेवावं, यावर माझा फार भर आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न येशूने काढला आणि "नाही" असं सरळ उत्तर दिलं. ज्याचं मूल गेलंय त्याला "देवाची काहीतरी योजना असेल" असं आपण सांगायचं नसतं. वीस वर्षांनी तो स्वतः तसं म्हणाला तर ऐकून घ्यावं, आणि कधीच म्हणाला नाही तरी त्याची श्रद्धा उणी समजू नये. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं आणि सगळं काही गेलं, तेव्हा त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. नंतर त्यांनी त्याच्या संकटांचे अर्थ लावायला सुरुवात केली, आणि शेवटी देव रागावला तो त्या बोलण्यावर.