व्हायब्रन्स आणि सॅच्युरेशन: ताटात बघून वाढणारा आणि न बघता वाढणारा

लग्नाचा अल्बम उघडला आणि तिसऱ्याच पानावर नवरीच्या मावशींनी विचारलं, "पोरीचं तोंड गाजरागत का दिसाय लागलंय ओ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शालू झगमगत होता, झेंडूची तोरणं उठून दिसत होती. पण त्या रंगांसाठी मी सॅच्युरेशन, म्हणजे फोटोतल्या रंगांचा भडकपणा, +३५ वर नेलं होतं आणि त्यानं चेहऱ्यालाही सोडलं नव्हतं.

उत्तर मिळालं ते पुढं कोल्हापुरातच फोटो एडिटिंगच्या एका परिषदेत. मास्किंग, एआय वगैरेची सत्रं जोरात झाली, वहीही भरली. कामाला मात्र आलं चहाच्या आधीचं छोटं सत्र, तेही लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक असलेल्या व्हायब्रन्स आणि सॅच्युरेशन या दोन स्लायडरवरचं. हॉलमधले निम्मे लोक गालात हसत होते. हे काय शिकवायचं! मीही त्यातलाच.

पंगतीचं उदाहरण घ्या. सॅच्युरेशन म्हणजे तांबड्या रश्श्याची बादली घेऊन न बघता वाढत सुटलेला वाढपी. वाटी रिकामी असो की काठोकाठ, पळी पडणारच. व्हायब्रन्स वाटीत डोकावतो. जिथं कमी तिथं जास्त वाढतो, भरलेल्या वाटीला थेंबभर देऊन पुढं जातो. आणि ताटावर हात आडवा धरलेला पाहुणा, म्हणजे माणसाच्या त्वचेचे तांबूस-नारिंगी रंग, त्याला तो फारसा आग्रह करत नाही. उपमा एका जागी लंगडी पडते: सॅच्युरेशन सगळ्यांना सारखी पळी देत नाही, सारख्या प्रमाणात ओढतं. त्यामुळं आधीच गडद असलेला रंगच सगळ्यात आधी उतू जातो.

उतू जातो म्हणजे काय, ते जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या फोटोत बघा. गुलाल मुळातच भडक. फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलच्या आकड्यांनी बनतो. गुलालात लाल चॅनल जवळजवळ भरलेला असतो आणि आठ बिटच्या फोटोत वरची हद्द २५५. सॅच्युरेशन वाढवलं की लाल २५५ ला टेकतो, हिरवा शून्याकडं घसरतो. मग उधळलेल्या गुलालाची धूळ, त्यातले फिके-गडद थर, कपाळावरच्या सुरकुत्या सगळं एका गुलाबी डागात बुडतं. आपल्याला वाटतं रंग वाढला, प्रत्यक्षात तपशील गेलेला असतो. त्याच फोटोवर व्हायब्रन्स +४० केला तर गुलाल जवळपास जागेवर राहतो, मागचं फिकं आभाळ आणि डोंगराची झाडी मात्र जागी होते.

खात्री करायची तर एकाच फोटोच्या दोन व्हर्च्युअल कॉपी करा. एकीवर सॅच्युरेशन −१००: फोटो पूर्ण कृष्णधवल. दुसरीवर व्हायब्रन्स −१००: रंग विटतात, पण गडद रंगांची धग उरतेच.

ही सोय तशी अलीकडची. व्हायब्रन्स आधी रॉशूटर या सॉफ्टवेअरमध्ये होता. ते बनवणारी कंपनी ॲडोबीनं २००६ मध्ये घेतली आणि २००७ च्या पहिल्या लाइटरूममध्ये तो आला. फोटोशॉपमध्ये २००८ च्या सीएस४ पासून त्याचा स्वतंत्र ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे मूळ फोटोला धक्का न लावता वरून बदल करणारा थर, आहे. त्या लेयरमध्येही सॅच्युरेशनचा स्लायडर असतो आणि तो फोटोशॉपच्याच ह्यू-सॅच्युरेशन या दुसऱ्या लेयरमधल्यापेक्षा सौम्य चालतो, आभाळात पट्टे कमी पाडतो. नाव एक, वागणं वेगळं. गोंधळ वाढवायला आणखी काय लागतंय!

हे ऐकून मी घरी आलो आणि पुढचा आठवडाभर प्रत्येक फोटोला व्हायब्रन्स लावत सुटलो. तीही चूकच. कारण हा वाढपी रिकाम्या वाट्या शोधतो, आणि सावलीतल्या पांढऱ्या फेट्यावर किंवा धोतरावर जी जराशी निळी झाक असते ती त्याला रिकामी वाटीच वाटते. फेटा निळसर झाला की समजावं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणूनची रंगदुरुस्ती, आधी नीट केला नव्हता. हळदीच्या फोटोत उलटी अडचण. हळद त्वचेवर लागलेली, तिचा पिवळा त्वचेच्या रंगांना लागूनच, म्हणून व्हायब्रन्स तिलाही दबकूनच हात लावतो. तिथं दोन्ही स्लायडर सोडून एचएसएलमधला, म्हणजे एकेक रंग वेगळा बदलता येतो त्या पॅनलमधला, एकटा पिवळा उचलावा.

सॅच्युरेशन टाकून द्यायचं का? नाही. माणूस नसलेल्या चित्रात, रांगेत मांडलेल्या कोल्हापुरी चपला किंवा मिरचीचं वाळवण, जरा +१० नं काही बिघडत नाही. पण मी ते आता बहुतेक वेळा उणेच वापरतो. व्हायब्रन्स +२५, सॅच्युरेशन −८. संध्याकाळच्या रंकाळ्याचं पाणी निळं होतं आणि काठावर भेळ खाणाऱ्यांचे चेहरे माणसांचेच राहतात.

मावशींचा अल्बम याच हिशेबानं पुन्हा छापून दिला, माझ्या खर्चानं. तिसरं पान त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "हां, आता आमची पोरगी."